टाळूची किल्ली

मिरजगावपासून जामखेडपर्यंत असा एकही स्क्रू जन्माला आला नव्हता, जो श्रीमंताचं ऐकणार नाही! निदान श्रीमंत तरी तसं सांगायचा. त्याची पिठाची गिरणी होती, गिरणीला डिझेलचं इंजिन होतं, आणि इंजिन रुसलं की श्रीमंत भर दुपारी ते खोलून त्याची आतडी गोणपाटावर मांडायचा. संध्याकाळपर्यंत सगळी परत आत. एक-दोन नट बाहेर उरायचे. "कंपनी जास्तीचंच देती," असं तो सांगायचा. इंजिन चालायचं, त्यामुळे दळणाला आलेल्या बायकाही माना हलवायच्या.

अशा माणसाच्या पोरीच्या दातांनीच त्याचं ऐकू नये, हा मोठा अपमान होता.

छबू दहा वर्षांची. पोर हुशार, आवाज खणखणीत, पण दात म्हणजे बाजारच्या दिवशी एस.टी.त घुसलेली माणसं! एक आडवा, एक तिरपा, एक दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावणारा, आणि सुळा तर थेट टपावर. हसायचं झालं की छबू आधी तळहात तोंडावर ठेवायची आणि मग हसायची. हात रिकामा नसला तर हसणं रद्द! डोक्यावर घागर असताना कुणी विनोद केला की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण ओठ उघडायचे नाहीत.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात श्रीमंत तिला घेऊन नगरला गेला. तिथं साळवे नावाचे तरुण डॉक्टर मुंबईहून दातांचं शिकून आले होते. त्यांनी छबूच्या तोंडात बॅटरी मारली, बराच वेळ आत पाहिलं आणि कौतुकानं "अरे वा!" म्हणाले. डॉक्टर "अरे वा" म्हणाले की रोग मोठा आहे असं समजावं.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक, चांगले चार दात काढायचे, म्हणजे बाकीच्यांना जागा होईल."

छबू बापाच्या पाठीमागं गेली.

"दुसरा, टाळूच रुंद करायची. मुलगी लहान आहे, हाड अजून ऐकतं." डॉक्टरांनी एक गुलाबी पट्टी दाखवली. टाळूला बेतानं बसणारी, मधोमध चिरलेली, आणि त्या चिरेत एक इवलासा स्क्रू. सोबत टाचणीएवढी तारेची किल्ली. "पट्टी तोंडातून काढायची, बुधवारी आणि रविवारी या बाणाच्या दिशेनं पाव फेरा द्यायचा, परत बसवायची. पट्टी रुंदावते, टाळू तिच्याबरोबर सरकते."

स्क्रू पाहताच श्रीमंताचा चेहरा उजळला. इतका वेळ तो परक्या मुलखात होता. आता आपलं माणूस भेटलं!

"डॉक्टरसायेब, ह्ये माझ्यावर सोडा. मी आख्खं इंजिन खोलतो!"

"हे इंजिन नाही," डॉक्टर म्हणाले. "कमी नाही, जास्त नाही. पट्टी बसेनाशी झाली, चार-आठ दिवस तोंडाबाहेर राहिली, तर टाळू मागं जाते. मग मला चार दात काढावेच लागतील."

परतीच्या गाडीत छबूनं एकच प्रश्न विचारला. पट्टीमुळं तिची जीभ सारखी अडखळत होती. "दादा, तुमाला नक्की येतंय ना?"

"म्हंजी काय!" श्रीमंत एवढ्या जोरात म्हणाला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

पण घरी एक अडचण उभी होती, आणि ती उंबऱ्यातच उभी होती. तिचं नाव भीमाबाई.

भीमाबाई ही श्रीमंताच्या थोरल्या भावाची, आप्पासाहेबांची, बायको. घरात माणसं बारा आणि कुलपं त्याहून जास्त. धान्याच्या कोठीचं, गुळा-साखरेच्या कपाटाचं, ट्रंकांचं, रॉकेल ठेवायच्या खोलीचं, झालंच तर गिरणीचं. सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात आणि तो जुडगा भीमाबाईंच्या कमरेला. त्या चालल्या की घर ओळखायचं. मांजर दुधापासून लांब व्हायचं, पोरं पाढे म्हणायला लागायची, आप्पासाहेब बिडी विझवायचे. पण दुष्काळ असो की लग्नकार्य, त्या घरातून माणूस उपाशी उठला असं कधी झालं नव्हतं, आणि कोठीत किती आहे हे भीमाबाईंखेरीज कुणाला कळलंही नव्हतं. एखाद्या संस्थानाच्या दिवाणाला जमलं नसतं, ते ही बाई भाकरी थापता थापता करत होती.

"ती कशाची किल्ली?" भीमाबाईंनी विचारलं.

"ह्ये व्हय? आपली, छबूच्या टाळूची."

भीमाबाईंनी हात पुढं केला. बस्स! त्या घरात किल्ली म्हटली की तिची जागा ठरलेली, आणि श्रीमंताचा हात डोक्याला न विचारता पुढं गेला. इंजिनाच्या राजाच्या पोरीच्या टाळूची किल्ली कोठीच्या आणि गुळाच्या किल्लीमधे जाऊन बसली.

आणि खरं सांगायचं तर काम चोख चाललं! बुधवारी, रविवारी भीमाबाई हात धुवायच्या, किल्ली कपाळाला लावायच्या, पट्टी उजेडात धरायच्या आणि श्वास रोखून पाव फेरा. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. एका बुधवारी घरात बारसं होतं. पाळण्याची दोरी एका हातात धरून त्यांनी छबूला बोलावलं. "आदी टाळू, मंग पाळना."

श्रीमंताला हे बघवेना. त्याचं कारण गिरणीत होतं.

कारण पहिल्याच दिवशी तो गिरणीत ओरडून बसला होता (गिरणीत हळू बोलताच येत नाही) की पोरीची टाळू मी रुंद करणार! त्यावर रंगुबाई पिठाचा डबा खाली ठेवून म्हणाली होती, "आरं, बाईच्या जातीचं तोंड आजून मोठं करून काय करतूस? हाय तेच सासरला पुरून उरतं!" आता रोज दळणाबरोबर तीच चौकशी.

"श्रीमंता, कुठवर आली रं टाळू?"

"वहिनींना इचारून सांगतो."

"आन् आज फिरवलं का?"

"वहिनींना इचारून..."

"मंग तू काय करतूस?"

हा प्रश्न दळण थांबवणारा होता.

शेवटी एका दुपारी त्यानं सायकलच्या चाकाची जुनी तार घेतली, कानशीनं घासली, वाकवली, आणि हुबेहूब दुसरी किल्ली तयार केली. छबू भाकरी घेऊन गिरणीत आली की मंगळवारी आणि शुक्रवारी तो पट्टी मागून घ्यायचा. "थोडं जास्तीचं बरं असतं. पट्टा ढिला ठेवून गिरन चालती व्हय?" पाव फेरा द्यायचा आणि पट्टी परत. कधी हुरूप आला तर अर्धा!

छबू काही बोलली नाही. पट्टी तोंडात असताना तिला बोलायचा कंटाळा यायचा, आणि मोठ्यांची कामं मोठ्यांना ठाऊक, अशी तिची समजूत होती. इतकी चुकीची समजूत त्या वयातच शोभते.

पुढं जे व्हायचं तेच झालं. छबूच्या पुढच्या दोन दातांमधे फट पडली. आधी कागद जाईल एवढी, मग जोंधळ्याचा दाणा जाईल एवढी. गिरणीत रंगुबाईला ती दिसली मात्र!

"आगं बया बया! पोरीचं टाळकं उकलाया लागलं!"

इंजिनाच्या आवाजात ही बातमी निम्मीच ऐकू गेली आणि उरलेली निम्मी ज्यानं-त्यानं घरून घातली. संध्याकाळी गावात पोरीचं डोकं उकललं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात ते दोन ठिकाणी उकललं. तिसऱ्या दिवशी ही खबर श्रीमंताच्या सासुरवाडीला, आढळगावला, पोचली तेव्हा पोरीचं फार काही शिल्लक नव्हतं!

छबूच्या आजोळची माणसं भरलेली बैलगाडी घेऊन दारात उतरली. पुढं श्रीमंताची सासू बायडाबाई, पदर तोंडाला, गळा काढलेला. "माझ्या लंकीची गुनाची पोर गंऽऽ!" मागं तीन मावश्या त्याच सुरात. गुणाची पोर पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि फटीतून शिट्टी वाजवत म्हणाली, "आजी, पानी श्शीऽऽ घे."

बायडाबाईचा सूर मधेच तुटला. एवढ्या लांबून येऊन रडणं वाया गेलं, की मग माणसाला राग येतो. तिनं डोळे पुसले आणि सरळ भीमाबाईंकडं मोर्चा वळवला.

"किल्ली तुमच्यापाशी हाय म्हनं. माझ्या नातीचं तोंड तुमी फाडलं!"

"नेमानं फिरवलंय," भीमाबाई शांतपणे म्हणाल्या. "बुधवारी आन् ऐतवारी. पोरीलाच इचारा. छबे, सांग गं."

छबूनं पट्टी तोंडातून काढली, फ्रॉकला पुसली आणि एकदम खणखणीत आवाजात सांगितलं, "मोठी आई बुधवारी-ऐतवारी फिरवती. मंगळवारी-शुक्करवारी दादा फिरवत्यात."

गाडीचे बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले.

"कशानं फिरवत्यात?" भीमाबाईंनी विचारलं.

श्रीमंतानं खिशातून तार काढली. काढताना ती त्याला इंजिनाच्या दांड्याएवढी जड लागली.

भीमाबाईंनी ती पाहिली. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसरी किल्ली म्हणजे पहिलीवर भरवसा नाही. त्या घरात याच्यापेक्षा मोठी शिवी नव्हती. त्यांनी तार चुलीत टाकली. मग कमरेचा जुडगा सोडला, माजघरातल्या खुंटीला अडकवला, लुगड्याची घडी पिशवीत घातली आणि जामखेडच्या एस.टी.त बसून माहेरी निघून गेल्या!

इकडं छबूनं पट्टी परत तोंडात घालायला घेतली; सकाळी दाबून दाबून कशीबशी बसलेली, ती आता बसेना. दोघांनी मिळून ती इतकी रुंद केली होती की टाळू मागंच राहिली होती. छबूच्या आईनं, लंकाबाईनं, बसवून पाहिली. छबूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, आता चार दात काढनार?"

"छ्या! काय न्हाई गं," श्रीमंत म्हणाला. "जरा उलटं फिरवलं की बसंल. किल्ली तेवढी..." आणि त्यानं खुंटीकडं पाहिलं.

सगळ्यांनीच खुंटीकडं पाहिलं. पाहुण्यांना चहा करायचा तर साखर कपाटात. भाकरी करायची तर धान्य कोठीत. गिरणीसमोर दळणाची रांग. सगळ्याच्या किल्ल्या समोर लटकत होत्या, आणि हात लावायची एकाचीही छाती नव्हती!

"लाव की गं हात लंके," बायडाबाई लेकीच्या कानात कुजबुजली. "देवानं दिलंय."

"आई, तू गाडीत बसून आलीस तशी जा बरं!" लंकाबाई उसळली. "मी हात लावला की मी घर घेतलं आसं हुतंय. आक्कांच्या जुडग्याला हात लावायला मला काय दुसरं घर हाय?"

आप्पासाहेब म्हणाले, "मी बाप्या मानूस. बायकांच्या किल्ल्यांत मी कसा पडू?" आणि त्यांनी बिडी पेटवली. मग जुडग्याकडं बघून विझवली.

"दादा, मी नुस्ती ती टाचनीवानी किल्ली काढून घेतो," श्रीमंत भावाला म्हणाला.

"येडा हायस का? जुडग्यातनं एक किल्ली येगळी केली म्हंजी वाटनीच झाली की! उद्या लोकं इचारत्याल, जमीन कदी वाटताय?"

रात्री सगळ्यांनी शेजाऱ्यांकडच्या उसन्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या. बायडाबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच परत गेली. उपाशीपोटी भांडणात राम नसतो.

श्रीमंतानं वाट पाहिली. वहिनी उद्या येतील, परवा येतील. पट्टी फडताळात पडून राहिली, आणि छबू रोज आरशासमोर उभी राहून आपले दात मोजायला लागली. ते पाहिल्यावर मात्र त्यानं जामखेडची गाडी धरली.

जामखेडला दार उघडलं ते भीमाबाईंची भावजय बनुबाईनं. श्रीमंताला बघताच तिचा चेहरा फुलला.

"पाव्हनं, न्यायला आलात ना? न्या बाई, लवकर न्या!" ती हळू आवाजात म्हणाली. "आल्या त्या सांजंलाच माझ्या किल्ल्या त्यांच्या कमरंला गेल्या. चार दिसांत कोठी झाडली, उंदीर घालवलं, माझा नवरा येळंवर जेवाया लागला. लई चांगलं चाललंय, पर माझ्याच घरात मला गूळ मागून खावा लागतूय!"

भीमाबाई परसात शेंगा फोडत होत्या. श्रीमंत समोर उकिडवा बसला.

"वहिनी, चुकलं."

शेंगा फुटत राहिल्या.

"तुमच्यावर इस्वास न्हाई असं न्हाई. पर लोकं गिरनीत इचारत्यात, पोरीचं काय चाललंय, आन् मला बापाला कायबी ठावं नसतं. मला बी वाटलं, आपून कायतरी करावं."

"मंग यायचं हुतं की!" भीमाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "फिरवल्यावर पट्टी घट्ट बसती. घटकाभर पोर कळवळती. तवा तिचा हात धरून बसाया कुनीतरी लागतं. मी लंकीला हाक मारते. तुमी आल्ता का कदी?"

इंजिन कधी कळवळत नाही, आणि त्याचा हातही धरावा लागत नाही. त्यामुळे फेऱ्यानंतर असं काही काम असतं, हे श्रीमंताच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पट्टी बसती का आता?" भीमाबाईंनी विचारलं.

"न्हाई. तुमी गेल्यापास्नं भाईरच हाय."

"काय?" हातातलं सूप खाली! "आन् तुमी हितं माफी मागत बसलाय? बने, ह्या घे तुझ्या किल्ल्या! भाऊजी, उठा. गाडी किती वाजता हाय?"

बनुबाईनं किल्ल्या दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशा घेतल्या.

मिरजगावला भीमाबाई घरात शिरल्या, खुंटीवरचा जुडगा काढून कमरेला खोचला, आणि तो एकदा वाजल्याबरोबर घर सुटलं. चूल पेटली, गिरण सुरू झाली, मांजर माळ्यावर पळालं. लंकाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि आधी पोटभर चहा प्याली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं भीमाबाई, छबू आणि श्रीमंत नगरला. डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली, तोंड पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली.

"एवढी कुणी फिरवली?"

छबूनं बापाकडं पाहिलं. भीमाबाईंनी छताकडं पाहिलं. श्रीमंतानं हात वर केला, शाळेत करतात तसा.

डॉक्टर त्याला जे बोलले ते सगळं मराठीत होतं, एवढंच सांगणं पुरे. शेवटी म्हणाले, "नशीब तुमचं. थोडी मागं घेतली तर अजून बसेल. आणखी दोन-चार दिवसांनी आला असतात तर मी दात काढायचाच चिमटा घेतला असता. आणा ती किल्ली."

"किती फेरं?" भीमाबाईंनी विचारलं.

"मी करतो. किल्ली द्या."

"किती ते सांगा."

"अहो बाई, मी डॉक्टर आहे! राहू द्या तुमची, माझ्याकडं पुष्कळ आहेत." डॉक्टरांनी ताटलीकडं बोट दाखवलं. तिथं तसल्याच किल्ल्या उघड्यावर लोळत होत्या. भीमाबाईंनी त्या ताटलीकडं अशा नजरेनं पाहिलं, की डॉक्टरांनी नकळत तिच्यावर रुमाल टाकला.

"पट्टी आमच्या घरची हाय," भीमाबाई म्हणाल्या.

मुंबईहून शिकून आलेला माणूस मुकाट्यानं बॅटरी धरून उभा राहिला. "हां... एक... अजून एक... थांबा." भीमाबाईंनी किल्ली कपाळाला लावली होती, हात धुतले होते, आणि त्यांचा हात डॉक्टरांच्या हातापेक्षा स्थिर होता. पट्टी टाळूला बसली. घट्ट बसली. छबू कळवळली.

या वेळी तिचा हात श्रीमंतानं धरला. तिनं तो असा काही आवळला, की बापाच्याच डोळ्यांत पाणी आलं.

मग बुधवार गेले, रविवार गेले. प्रत्येक वेळी गिरण बंद ठेवून श्रीमंत ओसरीवर हजर. काम एकच, हात धरणं. पावसाळा आला आणि गेला. दिवाळीच्या तोंडावर तिघं पुन्हा नगरला गेली, आणि डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. या वेळी "अरे वा" म्हणाले नाहीत. नुसते हसले.

"जागा झाली. एकही दात काढायला नको. आता पुढचं सोपं आहे."

बाहेर बाकावर श्रीगोंद्याकडची एक बाई आपल्या पोराला घेऊन बसली होती. त्याच्याही तोंडात एस.टी.च. डॉक्टरांनी तिला हाक मारली. "या, यांना भेटा. माझे शहरातले पेशंट आठ दिवसांत किल्ली हरवून बसतात. यांनी वर्षभर सांभाळली. कसं करायचं ते माझ्यापेक्षा यांना विचारा."

मग काय! भीमाबाई बाकावर बसल्या, तीन पेशंट भोवती जमले, आणि पट्टी उजेडात कशी धरायची, श्वास कधी रोखायचा, किल्ली कुणाच्याही हातात का द्यायची नाही, सगळं सांगून झालं. नर्ससुद्धा दारात उभी राहून ऐकत होती. श्रीमंत जरा बाजूला उभा होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छबूची चप्पल. चपलेचा बंद तुटला होता.

"आन् ह्ये कोन म्हनायचं?" श्रीगोंद्याच्या बाईनं विचारलं.

भीमाबाईंनी श्रीमंताकडं पाहिलं. खालपासून वरपर्यंत, सावकाश, खरं काय ते ठरवून.

"ह्ये व्हय? ह्ये आमच्यासंगं आल्यात."

खऽळकन हसू फुटलं. छबू हसत होती. दोन्ही हात मोकळे, मान मागं, तोंड उघडं, आणि सगळ्या दातांना आपापली जागा मिळालेली! श्रीमंतानं आपल्या पोरीचं हसू उघड्यावर पहिल्यांदाच पाहिलं. 'बाप हाय मी तिचा!' असं तो तडकून म्हणणार होता, शब्द ओठांपर्यंत आलेही होते.

"व्हय," तो चप्पल सावरत म्हणाला. "मी नुस्ता संगं आलोय."